रामदासकाका गादीवर बसले तेव्हा

"मॅडम, तुमी पोरीले दाखवलं तरी काय?"

शांतिलालशेठ प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसले होते आणि प्रश्न मला होता. समोरच्या चहावर साय आली तरी त्यांनी कप उचलला नव्हता. शिरपुरात त्यांचं सोयाबीन-तूर खरेदीचं दुकान आहे. त्यांची एकुलती एक मुलगी सेजल माझ्या बी.ए. फायनलच्या वर्गात होती. मी अर्थशास्त्र शिकवते. प्राचार्य माझ्याकडे बघत नव्हते, छताकडे बघत होते. कॉलेजचा प्रोजेक्टर शेठनी दिलेला होता आणि जे काही दाखवलं ते मी त्याच प्रोजेक्टरवर दाखवलं होतं.

दाखवलं काय, ते आधी सांगते. आमच्या सिलॅबसमध्ये 'आर्थिक प्रणाली' नावाचं युनिट आहे. भांडवलशाही म्हणजे जमीन, कारखाना, दुकान ही साधनं खासगी मालकीची आणि उत्पादन नफ्यासाठी. एवढी व्याख्या मुलं पाठ करतात आणि पेपर दिला की विसरतात. मला त्याचा कंटाळा आला होता. म्हणून भांडवलशाहीवर टीका करणारी एक परदेशी डॉक्युमेंटरी लावली. मोठाल्या गोदामांत धावणारे कामगार, पाणी प्यायला न थांबणारे, आणि दुसरीकडे त्यांच्या मालकांच्या बोटी. मध्ये मध्ये थांबवून मी मराठीत समजावत होते. वरकड मूल्य म्हणजे काय, तेही सांगितलं. कामगार जेवढ्या किमतीचं काम करतो आणि त्याला जेवढी मजुरी मिळते, त्यातला फरक. तो मालकाकडे राहतो आणि टीकाकारांच्या मते सगळं भांडण तिथूनच सुरू होतं.

संपल्यावर विचारलं, कसं वाटलं? एकानं विचारलं, यावर किती मार्कांचा प्रश्न येतो. मागच्या बाकावरून 'लय भारी' आलं.  सगळे गेल्यावर सेजलनं दाराशी येऊन विचारलं, "मॅडम, आमचे रामदासकाका बी कामगारच ना?" मी म्हटलं, हो, अर्थातच. माझी वाशीमची बस लागली होती, त्यामुळे चर्चा तेवढ्यावरच संपली.

पुढचं शेठनी सांगितलं.

रामदासकाका म्हणजे त्यांच्या दुकानातला जुना माणूस. मूळचे किन्हीराजा गावचे. तरुणपणी दुकानात लागले ते गोदामामागच्या खोलीतच राहिले. घरची मंडळी गावाला, हे सणावारी जाणार. पोती उचलणं, काटा बघणं, सकाळी शटर उघडणं, सगळं त्यांच्याकडे. सेजलला त्यांनी खांद्यावर बसवून फिरवलेलं.

डॉक्युमेंटरीच्या दुसऱ्याच दिवशी, दुकान माणसांनी भरलेलं असताना, सेजल आली. तिनं काकांचा हात धरला आणि त्यांना थेट गादीवर नेऊन बसवलं. ज्यांनी असं दुकान पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पांढरी खोळ घातलेली बैठक, मागे लोड, तिच्यावर फक्त शेठ बसणार. बाकीच्यांनी बाकड्यावर नाहीतर पोत्यावर टेकायचं. सेजलनं काकांच्या खांद्यावर नवा टॉवेल घातला, डोक्यावर टोपी ठेवली, पाया पडली आणि म्हणाली, आता तुमची जागा हीच. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेठना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनीही वाजवल्या.

काका उठले. शटरची किल्ली गादीवर ठेवली, खोलीतून आपली पिशवी घेतली आणि एस.टी.त बसून गाव गाठलं.

मला काही कळेना. मानच तर दिला होता. शेठनी कपाळाला हात लावला; काका गेल्यावरच त्यांच्याही ध्यानात आलं होतं. त्यांच्या दुकानात आजोबांपासूनची एक रीत होती. एखादा जुना माणूस थकला की त्याला एकदाच गादीवर बसवायचं, टॉवेल-टोपी द्यायची, टाळ्या वाजवायच्या आणि घरी पाठवायचं. असा शेवटचा निरोप झाला तो सेजलच्या जन्माआधी. तिनं टॉवेल-टोपी पाहिली होती ती लग्नात पाहुण्यांच्या स्वागताला. काकांनी त्या गादीवर फक्त निरोपच पाहिला होता. आपल्याला काढून टाकलं, तेही शेठनी स्वतः न सांगता पोरीच्या हातून, असं त्यांना वाटलं आणि ते गेले.

"फोन बंद हाय त्याचा," शेठ म्हणाले. "मी गेलो तं त्याले वाटन, हिशेब चुकता कराले आला. सोयाबीन याले लागलं. तो नाही आला तं काट्यावर सेजललेच बसा लागन. कॉलेज बंद करा लागते."

ते धमकी देत नव्हते. ओझं टेकवायला जागा शोधणाऱ्या माणसासारखे बोलत होते. म्हणूनच मला जास्त लागलं. सेजल वर्गातली एकमेव मुलगी होती जी पुस्तकातला प्रश्न पुस्तकाबाहेर नेऊन विचारायची, आणि तिचं शेवटचं वर्ष माझ्या एका तासामुळे बुडायला निघालं होतं. प्राचार्यांनी छतावरची नजर काढली आणि म्हणाले, "मॅडम, आता तुम्हीच निस्तरा."

मी एका सहकारी मॅडमची स्कूटी मागून घेतली, सेजलला मागे बसवलं आणि किन्हीराजाचा रस्ता धरला.  अर्ध्या रस्त्यात ती मागून म्हणाली, "मॅडम, फिल्म खोटी होती का?" मी म्हटलं, खोटी नव्हती. "मंग असं कसं झालं?" मी फक्त स्कूटीचा वेग वाढवला.

काका अंगणात बाज विणत होते. आम्हाला बघून उठले, पण हसले नाहीत. काकूंनी पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही आणि आत गेल्या. सेजलनं हात जोडले, डोळे भरून आले तिचे. सगळं सांगितलं, फिल्म, गोदामातली माणसं, तिला रात्रभर काय वाटत राहिलं ते. माफ करा म्हणाली.

"माफी नको मांगू बाई," काका म्हणाले. "शेठ बी दरसाली मांगते. पर्युषण झालं का सगळ्यायले हात जोडते, मले बी जोडते. पन कोन्या गोष्टीची मांगते, थे काई सांगत नाही."

शेठ जैन, पर्युषण संपलं की सगळ्यांची क्षमा मागायची त्यांच्यात रीत आहे. काका हे रागानं बोलले नाहीत. सेजलनं ओढणीनं नाक पुसलं. मग तिनं जे विचारलं ते डॉक्युमेंटरीत कोणी विचारलं नव्हतं आणि इतकी वर्षं शिकवून मलाही सुचलं नव्हतं.

"काका, तुमाले काय पायजे?"

काकांनी हातातली दोरी खाली ठेवली. 

"हप्त्यातून एक दिवस घरी येऊ दे," ते म्हणाले. "नातू मले पावना म्हन्ते. आन पोते न्याले चाकाची गाडी घे म्हना, कंबर नाही राह्यली आता. गादी नको. तिथं बसलो तं मले घाम सुटला."

सेजलनं तिथंच वडिलांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. शेठनी सगळं ऐकून घेतलं.

"रामदास, एवढंच होतं तं इतक्या सालात बोलला काहून नाही?"

"तुमी इचारलं काहून नाही?"

 मला वाटलं, शेठ आता फोन ठेवणार.

"कोनता दिवस पायजे?"

"बाजाराचा सोडून कोनताबी."

"सोमवार घे."

"घेतला."

गाडीचं मात्र शेठ म्हणाले, सीझन झाला की पाहू. आम्ही याला सौदाशक्ती म्हणतो, म्हणजे आपल्याला हवं ते समोरच्याकडून कबूल करून घेण्याची ताकद. त्या विषयावर मी बरीच लेक्चरं दिली आहेत. ती प्रत्यक्ष वापरली जाताना पहिल्यांदा पाहिली, आणि तेही बाजेच्या काठावर बसून.

काका आमच्याबरोबर आले नाहीत. "पाह्यतो," एवढंच म्हणाले. आमच्याकडे पाहतो म्हणजे होही असतं आणि नाहीही. काकूंनी मात्र निघताना चहा घ्यायला लावला, त्यावर आम्ही जेवढी आशा बांधता येईल तेवढी बांधली.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेतली तेव्हा सेजलचा बाक रिकामा होता. मी तिचं नाव घेतलं, थांबले, आणि पुढचं नाव घेतलं. फळ्यावर काय लिहिलं ते आठवत नाही. अर्धा तास झाल्यावर दारात ती उभी होती, धापा टाकत, हातांना धान्याची धूळ.

"मॅडम, काका आले. मी येऊ का?"

मी ये म्हटलं. पोरांनी पहिल्यांदाच उशीर झालेल्या मुलीवर काही शेरा मारला नाही.

सेजल बी.ए. झाली, आता अमरावतीला एम.ए. करते आहे. जाण्याआधी पेढे घेऊन घरी आली, आभार मानायला लागली. मी तिला थांबवलं. आभार मी मानायला हवे होते. किती मुलांनी हे युनिट माझ्याकडून शिकून पेपरात लिहिलं. एकीनं ते करून पाहिलं, करताना चुकली, आणि चूक निस्तरायला स्वतः किन्हीराजापर्यंत गेली. शिक्षकाच्या वाट्याला असा विद्यार्थी आला की बाकीच्या पाठांतराचं फारसं दुःख राहत नाही. रामदासकाकांची तर मी मनापासून ऋणी आहे. त्यांनी मनात धरून ठेवलं असतं, तर ही मुलगी आज काट्यावर बसलेली असती. आणि शेठचीही, कारण त्या फोनवर त्यांना फोन ठेवून देणं फार सोपं होतं.

चाकाच्या गाडीचं सांगायचं राहिलं. पहिल्या सोमवारी काका गावाला गेले. बदली माणूस मिळाला नाही, म्हणून पोती शेठनी स्वतः हलवली. सीझन संपायची वाट त्यांनी पाहिली नाही. संध्याकाळीच वाशीमला फोन करून गाडी मागवली. डॉक्युमेंटरी दाखवायला मी विरोधात नाही, अजूनही दर वर्षी दाखवते. पण मालकाला मजुराची बाजू पटवायची असेल, तर एक सोमवार पुरतो.