तात्यांनी पाहिलेल्या पेशी

लॅबच्या वहीत तारीख, डोस आणि निकाल एवढंच लिहितात. बाकीचं सगळं डोक्यात साचत जातं. बारामतीची ती लॅब सोडून मी पुण्यात आले, तरी दुपारी चहाच्या वेळी एखादा किस्सा वर येतोच.

*

आमचा विषय मलेरियाचं एक औषध कॅन्सरवर चालतं का, हा. पेशीत शिरून ते लोहाला भेटलं की पेट घेतं. कॅन्सरच्या पेशी वाढण्यासाठी लोह जास्त ओढतात, म्हणून त्याच जास्त मरतात. माझ्या गाईड पाटील मॅडमनी हे आमच्या लॅबचे अटेंडंट तात्या यांना समजावून सांगितलं. शेळगावचे तात्या आधी वालचंदनगरला फाउंड्रीत होते.

"म्हंजी ज्याच्या जिवावर माजल्या, तेच अंगावर आलं," तात्या म्हणाले.

मॅडमनी ते वाक्य पुढच्या लेक्चरला जसंच्या तसं वापरलं.

*

निरवांगीत अब्बांचं हार्डवेअरचं दुकान. एकदा फोनवर त्यांनी विचारलं, "शमा, नेमकं कशावर शिकतीस?"

"लोखंडावर, अब्बा."

"मग हितं काय कमी हुतं?"

हसले, पण फोन काही ठेवेनात.

*

एकदा औषध घालूनही सगळ्या पेशी टवटवीत. मी रडकुंडीला आले. मॅडमनी बाटल्या तपासल्या. लोह बांधून ठेवणारं रसायन मी चुकून सगळीकडं घातलं होतं.

"लोह अडवलं की औषध लुळं पडतं, हे तू दाखवलंस," मॅडम म्हणाल्या. "आता हेच मुद्दाम कर."

*

निकाल चांगले आले त्या दिवशी मॅडमनी पेढे आणले. तात्यांनी पेढा नुसता हातात धरला. सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको मंगल कॅन्सरनं गेली होती.

"मॅडम, हे तवा असतं तर?"

"तात्या, हे अजून ताटलीतल्या पेशींवरच चाललंय. माणसापर्यंत पोचायला फार वेळ आहे."

"व्हय," तात्या म्हणाले. "तरी बी इचारलं."

*

रिटायर व्हायला महिना उरला, तेव्हा तात्यांनी पहिल्यांदाच मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ बघत राहिले.

"ह्या कुणाच्या?"

"एका बाईच्या. तिच्या गाठीतून काढलेल्या. ती जाऊन खूप वर्षं झाली, पेशी अजून वाढतायत."

"तिच्या घरच्यांना म्हाईत हाय का?"



दुसऱ्या दिवसापासून, पेशींचा इन्क्युबेटर उघडण्याआधी तात्या त्याच्या दारावर हलकेच टकटक करायचे.