चौथ्या बोअरचे झाकण

ती केस मी विसरलेलो नाही, आणि विसरावी असे मला वाटतही नाही. नाशिकहून दिंडोरीकडे जाताना लागणाऱ्या एका ग्रामीण पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. गावाचे किंवा माणसांचे नाव सांगत नाही. त्यातली काही अजून तिथेच राहतात.

एका सकाळी झेंडूची शेती करणारा एक शेतकरी फिर्याद घेऊन आला. त्याची दुभती म्हैस विहिरीचे पाणी पिऊन मेली होती आणि झेंडू मुळापासून करपला होता. विहीर त्याची आणि थोरल्या भावाची सामाईक. पाण्याच्या मोटारीच्या पाळीवरून दोघांचे वर्षभर बोलणे बंद होते.

"भावानंच इख टाकलं साहेब," तो म्हणाला. "दुसरं कोन टाकंल?"

आम्ही पंचनामा केला. पाण्याच्या बाटल्या सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी विषबाधेचा संशय लिहून दिला. दुपारी ठाणे अंमलदाराला एक निनावी फोन आला. थोरला भाऊ दोन दिवसांपूर्वी फवारणीचा पंप घेऊन विहिरीवर दिसला होता, असे फोन करणाऱ्याने सांगितले. वाद होता, फवारणीचे औषध घरात होते आणि साक्षीदारही मिळण्यासारखा होता. मला आणखी काही हवे आहे असे वाटले नाही. मी थोरल्याला अटक केली.

पन्नाशीचा, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. कोर्टाने तीन दिवसांची पोलीस कोठडी दिली. मी त्याला मारले नाही, पण झोपूही दिले नाही. तेच तेच प्रश्न फिरवून विचारत राहिलो.

"पंप धुवाया गेलो व्हतो," तो म्हणायचा. "बादलीनं पानी काढलं, लांब बांधावर धुतला. मीबी त्याच पान्यावर भाजी करतो. इहिरीत इख कशापायी टाकू?"

त्याची भाजी आठवड्यापूर्वीच निघून बाजारात गेली होती. तेवढे हाताशी धरून मी त्याचे ते वाक्य सोडून दिले. खोटे बोलणारा माणूस दर वेळी काही तरी नवे जोडतो. हा तीन दिवस एकच सांगत होता, एकाच शब्दांत. इतकी वर्षे नोकरी करून मला ते कळायला हवे होते.

तो जामिनावर सुटला. त्यांची आई तोपर्यंत त्याच्याकडेच राहत होती. अटकेच्या दिवशी धाकट्याने तिला आपल्या घरी नेले. सुटून आल्यावर थोरला तिला भेटायला गेला. ती अंथरुणावर होती. त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला, तिने तोंड भिंतीकडे फिरवले. हे मला बीट हवालदाराने सांगितले, कारण सगळ्या गावाने ते ऐकले होते. चार दिवसांनी म्हातारी गेली.

तेराव्याच्या आतच प्रयोगशाळेचा अहवाल आला. पाण्यात कोणतेही कीटकनाशक नव्हते. क्षार आणि अमोनिया मात्र भरमसाट होते. मी तिथल्या अधिकाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, "असं पाणी आम्हाला सहसा कचऱ्याखालून मिळतं. वर कुठं कचऱ्याचा भराव आहे का?"

होता. विहिरीच्या वरच्या अंगाला, उतारावर, एका ठेकेदाराने चालवलेले कचरा भरावाचे मैदान होते.

दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो. खरे सांगायचे तर तिथे मला उकिरडाच दिसेल असे वाटले होते, पण काम शिस्तीचे होते. गाड्यांचे वजन होत होते. आदल्या दिवशीच्या कचऱ्यावर मातीचा थर दाबून बसवलेला होता. व्यवस्थापकाने सगळे समजावून सांगितले. कचऱ्याच्या तळाशी चिकणमाती, तिच्यावर जाड काळे प्लास्टिक. कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी नळ्यांतून एका तळ्यात येते, तिथून शुद्धीकरणाला जाते. त्या तळ्यालाही प्लास्टिकचे अस्तर.

"आणि अस्तर फाटलं तर?" मी विचारले.

"म्हणून चार बाजूंना चार बोअर आहेत, साहेब. दर महिन्याला त्यांचं पाणी तपासतो. जमिनीत काही उतरलं तर उताराकडच्या चौथ्या बोअरला आधी कळतं."

त्याने रजिस्टर पुढे ठेवले. चारही बोअरचे आकडे उत्तम होते. उन्हाळ्यात आणि भर पावसाळ्यातही जवळपास सारखेच. मला पाण्यातले काही कळत नाही, पण इतका सरळ जबाब दिसला की पोलिसाला शंका येते. मी चौथा बोअर दाखवायला सांगितले. लोखंडी झाकणाचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. पान्याने हलेनात, शेवटी कापावे लागले. दर महिन्याला उघडले जाणारे झाकण असे नसते.

नमुने घेणाऱ्या माणसाला मी ठाण्यात बोलावले. निवृत्तीला आलेला, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. एकलहऱ्याहून दोन बस बदलून कामावर यायचा. मी त्याच्यासमोर कापलेला बोल्ट ठेवला. त्याने तो उचलून उलटासुलटा पाहिला आणि परत टेबलावर ठेवला.

"बायकोला अर्धांगवायू आहे," तो म्हणाला. "शेजारीण चारपर्यंतच थांबते. चौथा बोअर लांब आहे, जाऊन येऊन तास मोडतो. चारही बाटल्या मी फाटकाजवळच्याच बोअरमधून भरायचो."

"किती दिवस?"

"दीड वर्ष. त्याआधी सगळीकडचं पाणी कायम चांगलंच यायचं, साहेब. वाटलं, तिथलंही चांगलंच असेल."

मग त्याने विचारले, "कुणाचं काही वाईट झालं का?"

मी त्याला सगळे सांगितले. म्हातारीचेही. तो रडला नाही. जबाबावर सही करताना मात्र त्याला स्वतःचे नाव दोनदा लिहावे लागले.

चौथ्या बोअरच्या पाण्यात विहिरीसारखेच क्षार आणि अमोनिया निघाले, आणि काळ्या पाण्याचे तळे रिकामे केल्यावर कोपऱ्यात अस्तर फाटलेले सापडले. ते दुरुस्त झाले, विहीर अनेकदा उपसली गेली. ठेकेदारावर आणि त्या माणसावर गुन्हा दाखल झाला. थोरल्या भावाविरुद्ध काहीच पुरावा नाही, असा अहवाल मी कोर्टात दिला.

तो अहवाल मंजूर झाल्याचे सांगायला मी स्वतः त्याच्या घरी गेलो. धाकटाही आला होता, पण उंबऱ्याच्या आत येत नव्हता. मी म्हणालो, "चूक माझी झाली. तुम्हाला माझ्याविरुद्ध तक्रार करायची असेल तर कुठं करायची ते मीच लिहून देतो."

थोरला शांतपणे म्हणाला, "तुमच्यावर तक्रार केली तर आई ऐकाया येनार हाय का?"

धाकटा अंगणातच खाली बसला आणि त्याने डोके गुडघ्यांत घातले. थोरला त्याच्याकडे बघत होता. उठून त्याच्याजवळ गेला नाही. मी निघालो. जीपपर्यंतचे पंचवीस-तीस पावलांचे अंतर मला फार लांब वाटले.

नमुने घेणाऱ्या त्या माणसाने दीड वर्ष एक झाकण उघडले नाही, कारण आत काय असेल हे त्याने आधीच ठरवले होते. मी त्याचा जबाब लिहून घेतला, त्याच्यावर गुन्हाही दाखल केला. पण थोरल्या भावाला समोर बसवून मी तीन दिवस तेच केले होते, आणि ते कोणत्याही कागदावर आले नाही. पुढे प्रत्येक अटकेआधी मी फाइल मिटून स्वतःला विचारत असे, यातले मी प्रत्यक्ष किती पाहिले आणि किती गृहीत धरले? त्यामुळे बऱ्याच केसेसना उशीर झाला. वरिष्ठ नाराज झाले. मला ते चालले.