हुंकाराचे मास्तर

पुण्यापासून खंडाळ्याच्या घाटापर्यंत ऐकण्याची कला खऱ्या अर्थाने येणारा एकच माणूस होता, आणि तो आमच्या चिंचवडात, माझ्याच शेजारच्या घरात राहत होता. मी कारखान्याच्या हिशेब खात्यातला माणूस. मोजल्याशिवाय काही बोलत नाही. पण हे विधान मी न मोजता करतो आणि त्याखाली सही करायला तयार आहे.

आमचे हे शेजारी म्हणजे मास्तर. पूर्वी ते शाळेत होते. वक्तृत्वाचा तास त्यांच्याकडे होता, आणि त्या तासाला ते मुलांना बोलायला न शिकवता ऐकायला शिकवू लागले, म्हणून शाळेने त्यांना नारळ दिला. त्यांचा सिद्धांत साधा होता. बोलणारा आपल्या बळावर बोलतच नाही. समोरचा ‘हं’ म्हणतो, त्या ‘हं’वर पाय ठेवून तो पुढच्या वाक्यावर चढतो. हुंकार थांबला की गडी जिन्यातच अडकला. या एका हुंकारावर त्यांनी वर्षानुवर्षं संशोधन केलं. दाढी करायची नसताना ते न्हाव्याकडे बसत, कुठेही जायचं नसताना एस.टी.च्या थांब्यावर उभे राहत, आणि बाजाराच्या दिवशी चाकणच्या बैलबाजारात एकही बैल न घेता दिवसभर फिरत. तिथे उपरण्याखाली बोटं दाबून सौदा होतो, तोंडातून भावाचा आकडा निघत नाही. मास्तर एकदा दोन व्यापाऱ्यांच्या इतक्या जवळ कान नेऊन उभे राहिले, की दोघांनी त्यांना तिसऱ्याचा दलाल समजून हाकलून दिलं. घरी आले ते मात्र लग्न जमल्यासारखा चेहरा करून. मला ओट्यावरूनच हाक मारली, “हिशेबनीस, भाव ते बोटांनी सांगतात, पण हुंकार तोंडानंच देतात. तो काही उपरण्याखाली मावत नाही.”

हुंकाराचे प्रकार त्यांनी शोधून काढले होते. धीर देणारा, उकरून काढणारा, ‘पुरे आता’ असं सुचवणारा, आणि थापाड्याला घाम फोडणारा. हा शेवटचा त्यांनी एकदा माझ्यावर चालवला. मी परसात निघालेल्या सापाची हकीकत सांगत होतो. आकड्यात कधी न चुकणारा मी, तीन हुंकारांत आठ फुटांवरून चार फुटांवर आलो. एकदा आडावर बादलीवरून दोन शेजारी हातघाईवर आले होते. मास्तर मधे जाऊन उभे राहिले आणि दोघांना आळीपाळीने हुंकार देऊ लागले. पहिला बादलीवरून भावकीवर गेला, दुसरा भावकीवरून गुडघेदुखीवर. दोघांचं बोलून झालं तेव्हा बादली कोणाची हे कोणालाच आठवेना. मास्तरांच्या घरातून, म्हणजे वहिनींची, मात्र कायमची तक्रार होती. “यांच्याशी धड भांडता येत नाही हो. मी तोंड उघडलं की हे हं-हं करत बसतात. अर्ध्या तासात राग जातो आणि वर मीच चहा करते.”

अशा माणसाला आमच्या नव्या कारखान्याने संध्याकाळचा वर्ग दिला, तेव्हा मला मुलगा पास झाल्याचा आनंद झाला. कारखान्यात तेव्हा पिंपरीचे शेतकरी, कोकणातले, मराठवाड्यातले आणि फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीत आलेले सिंधी अशी माणसं नुकतीच एकत्र आली होती आणि कोणाचं कोणाला कळत नव्हतं. कामगारांना चारचौघांत बोलता यावं म्हणून दर गुरुवारी हा वर्ग. सहा महिन्यांनी कामगार कल्याणाचे साहेब भाषणं ऐकणार आणि वर्ग ठेवायचा की नाही ते ठरवणार. शाळा सुटलेल्या मास्तरांना दुसरीकडे कोणी उभं करत नव्हतं. हा वर्ग गेला असता, तर त्यांचं शिकवणं कायमचं संपलं असतं.

आणि वर्ग काय रंगला म्हणून सांगू. एकाने बोलायचं, बाकी चाळीसांनी हुंकार द्यायचा. पिंपरीचा रखमाजी पहिल्या दिवशी म्हणाला, “मास्तर, आमी बोलाया शिकाया आलोय. हं म्हनाया तर आमची म्हैस बी शिकलीया.” पण महिनाभरात तोच रखमाजी कोकणातल्या सावंताची वादळात सापडलेल्या होडीची गोष्ट श्वास रोखून ऐकू लागला.

ठरलेल्या गुरुवारी साहेब आले. शिस्तीचा माणूस, घड्याळ पाहून हसणारा. सुरुवातीला ते फक्त दोन शब्द बोलणार होते. “मंडळी, आपल्या कारखान्यात,” एवढं म्हणाले, आणि चाळीस माणसांनी सवयीने हुंकार दिला. साहेब दचकले. मग त्यांनी पुढचं वाक्य टाकलं. पुन्हा हुंकार. उत्पादनावरून ते आपल्या पहिल्या नोकरीवर गेले, टोपी काढून टेबलावर ठेवली, बाकावर बसले आणि वडिलांवर आले.

“वडिलांपुढे आम्ही बोलत नसू,” साहेब म्हणाले. “शाळेत पहिला आलो ते सांगायला धावत गेलो, तर त्यांनी नुसता हात वर केला. म्हणाले, आत्ता नाही, मग सांग.”

“मंग सांगितलं का न्हाई, सायेब?” रखमाजीने विचारलं.

मी मागे उभ्या मास्तरांजवळ सरकलो. “मास्तर, वर्ग सुटायचा भोंगा व्हायला आला. एकही माणूस बोललेला नाही. आवरा त्यांना.”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळत होतं. ‘पुरे आता’चा एक हुंकार दिला असता, तर साहेब जागच्या जागी भानावर आले असते. मास्तरांनी धीर देणारा दिला. साहेब बोलत राहिले आणि भोंगा झाला.

बाहेर पडताना रखमाजी हळहळला. “माजं भाषान तोंडपाठ व्हतं की वो. तीन दिस म्हशीला ऐकवत व्हतो.”

“मग म्हशीनं हुंकार दिला का, राव?” सावंताने विचारलं. पण नेहमीसारखं कोणी हसलं नाही.

दोन दिवसांनी साहेबांनी मला बोलावलं. “माणसं फार चांगली आहेत हो. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. पण एकही बोलला नाही. मास्तरांनी सहा महिने शिकवलं तरी काय?” वर्ग बंद झाला. मी रागाने लाल होऊन मास्तरांना सांगायला गेलो, तर ते म्हणाले, “बरोबर आहे त्यांचं. कोणी बोललं नाही.”

पुढच्या गुरुवारी वर्गाच्याच वेळेला साहेब मास्तरांच्या दारात उभे. सहज आलो म्हणाले. मग दर गुरुवारी सहज येत राहिले. वर्गाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मास्तरांनीही काढला नाही. असं वर्ष गेलं आणि साहेबांची मुंबईला बदली झाली. शेवटच्या गुरुवारी मी मास्तरांना आधीच गाठलं. “आज विचारा. जाता जाता ते वर्ग सुरू करून देतील. तुम्हाला नाही म्हणायचे नाहीत.”

“आज नको,” मास्तर म्हणाले. “त्यांचं वडिलांचं अजून सांगून व्हायचंय.”

आणि सतरंजी झटकून त्यांनी ओट्यावर अंथरली, आपल्याबरोबर आणखी एकाला बसता येईल इतकी जागा ठेवली, आणि रस्त्याकडे तोंड करून बसले.