गाऱ्हाण्याच्या आडून आवळलेली वायर

डिचोलीतल्या त्या शाळेचे शिपाईमामा नसते, तर मी आज गोव्यात नसतो. हे आधीच सांगून टाकतो.

मी हिंगोलीकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. शाळेची पायरी चढताना मला अजून धडधडतं, आणि काम मिळालं ते नेमकं शाळेच्या संगणक खोलीत. रॅक उभा करायचा, त्यात नेटवर्कची यंत्रं बसवायची. याआधी पेडण्याच्या कामावर मी अर्थिंगची वायर रॅकच्या रंगावरच आवळली होती. रंगातून वीज जमिनीत उतरत नाही. यंत्र बिघडलं तर रॅकला हात लावणारा गेलाच. सुपरवायझर साहेब तेव्हा म्हणाले होते, "परत असं केलंस तर गावच्या गाडीत बसवीन."

डिचोलीत मी परत तेच केलं. घाबरलेल्या माणसाचे हात चालतात, डोकं नाही.

साहेब मीटर घेऊन दारात आले तेव्हा कुठे मला त्या नटाखालचा राखाडी रंग दिसला. मामांनाही दिसला. शाळेत लागण्याआधी ते खाणीवर वीजवाल्याच्या हाताखाली होते. माझं उतरलेलं तोंड पाहून ते पुढे झाले.

"साहेब, गाराणें घातल्याबगर बटन दाबचें न्हय. मशीन गांवांत नवें."

साहेब मालवणकडचे. देवाला हाक घालायच्या गाऱ्हाण्याला नाही म्हणायची त्यांची काय छाती! बूट काढून, हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले. शेजारी मुख्याध्यापिका बाई, त्यांचेही डोळे मिटलेले. मामांनी उद्घाटनासाठी आणलेला नारळ रॅकपुढे ठेवला आणि पायानेच पॉलिश पेपरचा तुकडा माझ्याकडे सरकवला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" साहेब आणि बाई मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले.

मी नट सोडवला. ग्रामदेव झाले, राखणदार झाले, वेशीवरचे झाले. पेपरची खरखर वाढली की मामांचा आवाज चढे. लोखंड लख्ख होईपर्यंत डिचोलीचे देव संपले. नट आवळेपर्यंत मामांनी फोंड्याचे बोलावले.

मग साहेबांनी मीटर लावला. मान डोलावली. तेवढ्यात खाली बघून म्हणाले, "हा भुगा कसला?"

"अंगारो, साहेब," असं म्हणत मामांनी चिमूटभर त्यांच्या कपाळाला लावलासुद्धा. मी छताकडे बघत राहिलो.

साहेब गेल्यावर मी मामांचे पाय धरले.

"पाय सोड रे! फुडें पयलीं रंग घास, मागीर वायर आवळ. दर खेपे इतले देव हाडूं खंयसून?" मग हसत म्हणाले, "आनी म्हज्या घरांतच अर्थिंग ना. मिक्सर चावता म्हूण बायल चपला घालून चटणी वाटता."

मामा, मुळगावच्या तुमच्या परसात अर्थिंगचा खड्डा मी खणणार, वायरही मीच ओढणार. मामी ज्या दिवशी अनवाणी चटणी वाटतील, त्या दिवशी माझं देणं फिटलं म्हणेन. त्याआधी नाही.