दहा गाण्यांतला डेंट्या

मला हे संगीत आवडत नाही, आधीच सांगून टाकतो. गिटार करवतीसारखी कर्कश, गायक घसा फाडून शिव्या देणारा, आणि बँडमधल्या चौघांच्या घामाने माझ्या स्टुडिओतली खोली आठवडाभर कुबट वास मारायची. पण रेकॉर्डिंग हा माझा धंदा. नाकाला रुमाल लावून का होईना, करायचो.

त्या चौघांत मला एकच माणूस आवडायचा, ड्रम वाजवणारा. दिवसा गॅरेजमध्ये गाड्यांचे पोचे काढायचा, म्हणून सगळे त्याला डेंट्या म्हणत. चाळिशीला टेकलेला, मोजकं बोलणारा. अकरा वर्षं घासल्यावर बँडचा पहिला अल्बम होत होता आणि त्यासाठी त्याने वर्षाची सगळी रजा राखून ठेवली होती. त्याचा प्रत्येक ठोका केसभर उशिरा पडायचा. पोचा काढतानाही तो तसाच, हातोडी उचलून क्षणभर थांबायचा आणि मग मारायचा. त्या भयंकर गाण्यांना जे काही वजन होतं, ते त्या थांबण्याचं होतं.

गायकाला नेमकं तेच खुपलं. हल्ली सगळ्यांचे ड्रम मशीनसारखे वाजतात, आपलेच ढिले का, म्हणून तो तणतणला. संगणकावर ठोके सरळ करणं आमच्या धंद्यात नवं नाही, मात्र वाजवणाऱ्याला सांगून करतात. गायक म्हणाला, "त्याला कळवू नकोस. उगाच मनाला लावून घेईल." मी मान डोलावली. तीन दिवस बसून एकेक ठोका ओढून रेघेवर आणला, त्याच्या ड्रमचा आवाज काढून तिथे तयार आवाज बसवला. दहाही गाण्यांत डेंट्या औषधालाही उरला नाही.

अल्बम गाजला, तोही ड्रममुळे. डेंट्याच्या बायकोने माहेरी, शेजारीपाजारी, ती नर्स होती त्या दवाखान्यातही तो ऐकवला. डेंट्याला वाटलं, रेकॉर्डिंगच्या आठवड्यात आपला हात कधी नव्हे तसा जमून आला होता.

मग कार्यक्रमांत लोक अल्बममधल्यासारखंच मागू लागले आणि ते त्याला जमेना. कसं जमणार? जेवणाच्या सुट्टीत तो गॅरेजमधल्या जुन्या टायरवर सराव करायचा. मनगटं सुजली. गायक त्याला चारचौघांत म्हातारा म्हणू लागला. सगळं माहीत असून म्हणायचा हा माणूस! त्याचं तोंडही बघू नये असं वाटायचं, आणि लगेच माझंही.

एका दुपारी डेंट्या माझ्याकडे आला, दोन्ही मनगटांना पट्ट्या बांधलेल्या.

"मूळ रेकॉर्डिंग असेल ना तुझ्याकडे? नुसते ड्रम ऐकव. तेव्हा मी काय वेगळं करत होतो, ते बघतो. तेही नाही कळलं, तर बँड सोडतो."

रेकॉर्डिंग समोरच्याच संगणकात होतं. ते ऐकवलं असतं तर त्याला सगळं कळलं असतं आणि त्या अल्बमने मिळवून दिलेलं माझं नाव मातीत गेलं असतं. डिस्क खराब झाली, असं मी सांगितलं.

मग माझ्यासमोरच त्याने गायकाला फोन लावला आणि दुसरा कोणीतरी बघा म्हणाला.

निघताना त्याने त्या सुजलेल्या हातांत माझा हात धरला. "तुझ्यामुळे एकदा तरी मी नीट वाजवलेलं कायमचं राहिलं," तो म्हणाला.