उघड्या खिडक्यांची वस्ती

माझी धाकटी जाऊ दिसायला बेताची, बोलायला बेताची, पण नशीब मात्र भरभरून घेऊन आलेली. तिच्याविषयी चार शब्द चांगले बोला म्हणालात तर बोलेन, अगदी खरे बोलेन, पण बोलताना माझ्या पोटात दुखत राहील. लोकांना आवडण्यासाठीच ती जन्माला आली आहे. कापडाचा दुकानदार तिच्यापुढे न मागता ठाणं उलगडतो आणि माझ्यासमोर जांभई देतो. सासूबाई शेवटच्या आजारपणात औषध माझ्या हातून घ्यायच्या आणि हाक तिला मारायच्या.

आम्ही दोघी मिळून पडदे शिवायचो. लग्न होऊन घरात आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत होता, तेवढंच. पुढे बेतणं माझं आणि शिवणं तिचं अशी वाटणी आपोआप झाली. पडदा बेतायला काय लागतं, सरळ तर कापायचं, असं लोकांना वाटतं. पण दोन पडदे शेजारी लटकले की एकावरचं फूल दुसऱ्यावरच्या फुलाच्या ओळीत यावं लागतं, चुण्यांना कापड पुरावं लागतं आणि पहिल्याच धुण्यात आटून पडदा खिडकीच्या वर चढून चालत नाही. हे सगळं माझ्या कात्रीत होतं. गिऱ्हाईक मात्र टांगलेल्या पडद्यावरून हात फिरवायचं आणि म्हणायचं, "काय सुंदर शिवलाय." सुंदर बेतलाय, असं आजवर कुणाच्या तोंडून निघालेलं नाही.

आमचे हे आणि धाकटे भाऊजी एकाच काचेच्या कारखान्यात. तो कारखाना मोठ्या शहराजवळ हलला आणि आमचं बिऱ्हाडही हलायची वेळ आली. दोन्ही कुटुंबं मावतील असं घर तिथं आपल्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून दोन वेगळी घरं शोधायची ठरली. धाकटी रडवेली झाली. मला आतून बरं वाटलं. आता तिचं घर तिचं आणि माझं घर माझं, आणि बघणाऱ्यांना दोन्ही जोखून बघता येणार होती.

कारखान्याची बस शहराच्या सगळ्या भागांत फिरायची, त्यामुळे राहायचं कुठंही चाललं असतं. पुरुषांना सवड नव्हती. कारखान्याच्या विश्रामगृहात उतरून घरं बघायचं काम आम्हा दोघींवर आलं.

तिची घर बघायची तऱ्हा न्यारी. दिवसभर बसून राहायची आणि दिवेलागण झाली की बाहेर पडायची. एखाद्या गल्लीत शिरायची, वर खिडक्यांकडे बघत सावकाश चालायची, मधेच कुणाच्या तरी दारात उभी राहून गप्पा मारायची. एका संध्याकाळी मीही गेले. ती गल्ली इतकी अरुंद की या खिडकीतून त्या खिडकीत वाटी द्यावी. रंग उडालेल्या इमारती, जिन्यात सायकली. आणि झाडून सगळ्या खिडक्यांना पडदे. काही विटलेले, काही आखूड, एका ठिकाणी खिळे मारून चादर, एका ठिकाणी चक्क टॉवेल.

"इथं तर सगळ्यांकडे पडदे आहेत," मी म्हटलं. "आपल्याला कोण विचारणार?"

"ताई, इथं सगळ्यांना पडदे लागतात," ती म्हणाली. "आणि तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन घरं रिकामी आहेत. मधे फक्त जिना. उजेडाचं आहे ते तुम्ही घ्या, तुमचं बेतायचं टेबलही तिथं बसेल."

उजेडाचं मला. म्हणजे मोठं मनसुद्धा हिचंच, आणि मी जन्मभर तिनं दिलेल्या उजेडात बसायचं. मी "बघू" म्हटलं आणि विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ती कपडे धूत असताना, मी एकटीच शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेले. नवी वस्ती. उंच इमारती, फाटकावर पहारेकरी, आणि खिडक्या म्हणाल तर भिंतीएवढ्या. जमिनीपासून छतापर्यंत नुसती काच आणि त्यावर एक चिंधीसुद्धा दिसेना. इतक्या उघड्याबोडक्या खिडक्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. फाटकाबाहेर उभी राहून मी मनातल्या मनात सगळी इमारत बेतून टाकली. तळमजल्याला जाडं कापड, वरती झिरझिरीत, कोपऱ्यातल्या घरांना दुहेरी अस्तर. आयुष्यभर पुरेल एवढं काम वर टांगलेलं होतं, आणि धाकटीला त्याचा पत्ताही नव्हता.

मागच्या बाजूचं सगळ्यात लहान घर मी पक्कं करून टाकलं. यांना नेऊन दाखवलं ते नावापुरतं. जावेला सांगितलं ते सगळं ठरल्यावर, मुद्दाम तिच्या तोंडाकडे बघत. ते जरा पडलं, पण लगेच सावरलं. मग ती माझं घर बघायला आली, काचेला हात लावून म्हणाली, "किती छान हो ताई, उजेडच उजेड." नाक मुरडलं नाही, आवाजात काही खुपल्याचं नाही. ती जळली असती तर मला घर आणखी आवडलं असतं.

सामान लागलं तशी मी टेप आणि कापडाचे नमुने घेऊन दारोदार निघाले. पहिल्याच मजल्यावरच्या बाई गोड हसल्या. "पडदे कशाला? समोर कुणी नाहीच. हे मोकळं दिसतं म्हणून तर इथं घर घेतलं." त्यांच्या वरचे गृहस्थ काचेवर टिचकी मारून म्हणाले, "या काचेतून बाहेरच्याला आतलं दिसतच नाही." कुणी चहा पाजला, कुणी साखळी न काढताच बोललं, पण काम कुणी दिलं नाही. संध्याकाळी यांना सांगितलं तर हे शांतपणे म्हणाले, "हो, ती काच आमच्याच कारखान्यात होते. उन्हाला अडवते आणि नजरेलाही. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

मी त्या रात्री कापडाचे नमुने गुंडाळून कपाटात ठेवून दिले.

तिकडे गल्लीत धाकटीला मान वर करायला फुरसत नव्हती. समोरासमोर राहणारी माणसं. एकानं नवे पडदे लावले की समोरच्याला आपले जुने डोळ्यांत खुपायला लागायचे. तिचा फोन यायचा, "ताई, या ना एकदा." कधी माझा गुडघा दुखायचा, कधी पाहुणे यायचे. दोन्ही खोटं. शेवटी एकदा गेले. तिच्या घरात काय उणं आहे ते डोळे भरून बघायचं, एवढ्याच हेतूनं गेले.

उणं बरंच होतं. चालायला जागा नाही इतके कापडाचे ढीग, आणि स्वयंपाकघरात धड वाराही नाही. माझं मन शांत होत चाललं होतं, तेवढ्यात जिन्यापलीकडचं दार उघडं दिसलं. मी नाकारलेलं घर. खिडकीशी मोठं टेबल आणि त्यावर वाकून एक चष्मेवाली बाई कापड बेतत होती.

"या समोर राहायला आल्यात," जाऊ म्हणाली. "आधी शाळेचे गणवेश बेतायच्या. माझं एकटीचं कुठं निभणार होतं?"

मी आत गेले, कापलेले दोन पडदे उचलले आणि उजेडात शेजारी धरले. फुलाला फूल जुळत होतं. चूक असती तर मी तिथं बसून समजावून सांगितली असती, चहा प्याले असते आणि सुखानं घरी गेले असते. चूक नव्हती. तेवढ्यात चष्मेवालीनं वर न बघताच हात पुढे केला आणि माझ्या जावेनं, तीही न बघताच, त्या हातात खडू ठेवला.

धाकटीवर मी आजवर पुष्कळ जळले. तिच्या केसांवर जळले, सासूबाईंच्या हाकेवर जळले, तिच्या चुण्यांवर जळले. पण त्या खडूपुढे ते सगळं किरकोळ होतं. तिच्यावर कुणी दुसरीनं हक्क सांगावा, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

"इथं आणखी काही रिकामं आहे का गं?" मी विचारलं.

ती गोंधळली. "तळमजल्यावर एक घर आहे. पण ताई, तिथं दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो. तुमचं एवढं उजेडाचं घर सोडून..."

"बघायला काय जातंय," मी म्हटलं.

हे कुरकुरले, पण सामान हललं. आता सकाळी चष्मेवालीचं दार उघडायच्या आत मी कात्री घेऊन जिना चढून धाकटीकडे पोचलेली असते आणि फुलाफुलांचं कापड माझ्या बाजूला ओढलेलं असतं. धाकटीला वाटतं मी मदतीला येते. मोठ्या खिडक्यांचं घर सोडून या अंधाऱ्या खोलीत का आलात, असं कुणी विचारलं की मी सांगते, इथं नळाला पाणी जोरात येतं. खरं कारण तिसऱ्या मजल्यावर चष्मा पुसत बसलेलं असतं.