साफसफाईचा दाखला

गौतमदादा सोनवणे कुठल्याही संगणकासमोर बसले की आधी माउस उलटा करायचे. खालची चकती फिरवून आतली गोळी तळहातावर काढायची, शर्टाच्या टोकाला पुसायची आणि आतल्या बारीक रुळांवर बसलेला मळ नखानं खरवडायचा. समोर कोण बसलंय याची पर्वा नाही. “मशीनला काय न्हाय झालं, ताई. घाण साचलीया,” हे त्यांचं पहिलं वाक्य, आणि बहुतेक वेळा तेच निदान बरोबर निघायचं. त्यांच्या या सवयीवर एका माणसानं जन्मभराचा शिक्का मारायचा प्रयत्न केला. त्या माणसाला मी आजही माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

त्याचं नाव प्रकाशराव. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात बारामतीत त्यांचा संगणक वर्ग होता. मी जळोचीहून सायकलनं यायचे आणि सकाळच्या बॅचला टायपिंग शिकवायचे. दादा इंदापूर तालुक्यातल्या शेळगावहून एसटीनं यायचे. हजेरीपुस्तकात त्यांची नोंद शिपाई अशी होती. प्रत्यक्षात सगळ्या मशिनी तेच दुरुस्त करायचे आणि दुपारच्या बॅचेसही तेच शिकवायचे. शेळगावच्या बौद्ध वस्तीतून आलेल्या माणसाला ‘सर’ म्हणणं प्रकाशरावांच्या घशाखाली उतरत नव्हतं. तसं ते कधी बोलले नाहीत. पाहुण्यांसमोर हसून एवढंच म्हणायचे, “हा आमचा शिपाई. मशिनी पुसतो.”

शिकायला येणारी मंडळी कीबोर्डला हात लावायलाच बिचकायची. त्यावर दादांचा उपाय म्हणजे मोटारींच्या शर्यतीचा गेम. पण आमच्या जुन्या मशिनींवर ती गाडी अडखळत धावायची. डावीकडचं बटण दाबावं आणि गाडीनं भिंतीला धडकून झाल्यावर वळावं. मग दादा सेटिंगच्या पानावर जायचे. आकाशातले ढग बंद करायचे, एक फेरी मारायचे. टायरचा धूर बंद करायचे, पुन्हा एक फेरी. मग रस्त्याकडेची झाडं, मग मागचं दाखवणारा आरसा, आणि तरीही गाडी ऐकेना तर चित्राची चौकटच चार बोटं आत घ्यायची. प्रत्येक मशीनचं काय जमलं ते शाळेच्या वहीत लिहून ठेवायचे. “एका वक्ताला एकच बदलायचं, ताई. दोन बदलली की गुण कुणाचा आला ते कळत न्हाय.”

झाडं गेली म्हणून कुणी कुरकुरलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. “दिसायला कमी असंना. हातानं सांगितलं की गाडीनं ऐकलं पायजे. न्हाय ऐकलं तर त्यो गेम न्हाय, पिक्चर हाय.” लोणी भापकरचे एक पन्नाशीचे कारकून माउसला विंचू असल्यासारखे घाबरायचे. दादांनी जुळवलेल्या गाडीवर पहिलं वळण निघालं तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले. “वळली की वं!” त्यानंतर आठवड्याभरात ते हिशेबाची पत्रकं भरू लागले.

अशात इंदापुरातल्या एका संस्थेत संगणक चालकाची जागा निघाली. कायमची नोकरी, शेळगावहून जवळ. फक्त अनुभवाचा दाखला हवा होता. दादांनी तो दोनदा मागितला. दुसऱ्यांदा प्रकाशराव सगळ्या वर्गासमोर म्हणाले, “शिपायाला कसला रे अनुभवाचा दाखला?” दादा माउसचे रूळ खरवडत राहिले. माझं डोकं मात्र फिरलं होतं. जिन्यात गाठून मी म्हटलं, “दादा, सोडू नका याला.”

“सोडतोय कुठं?” ते म्हणाले. “त्येनं सांगितलं तेवढंच करणार हाय आता. कमी बी न्हाय, जास्त बी न्हाय.”

संधी लगेच आली. प्रकाशरावांनी इंदापुरात शाखा काढली. उद्घाटनाला ते स्वतः गेममधली गाडी चालवून दाखवणार होते. आदल्या दिवशी दादांनी सगळं बेतशीर जुळवून ठेवलं होतं. प्रकाशराव आले आणि भडकले. “ढग कुठं गेले? झाडं कुठं आहेत? पाहुण्यांना काय रिकामा रस्ता दाखवू? सगळं फुल्ल ठेव. आणि उद्या याला हात लावायचा नाही, पुसायचं तेवढं पुस.” फुल्ल ठेवलं की भारी चालतं, अशी त्यांची समजूत. दादा म्हणाले, “व्हय साहेब,” आणि एकेक करून सगळं वर चढवलं. मग माझ्याकडे बघून हसले. इतकं गोड हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंडप भरला. अध्यक्षस्थानी एक निवृत्त मुख्याध्यापक होते. प्रकाशरावांनी गाडी सोडली आणि ती झटक्याझटक्यानं पुढे सरकत थेट भिंतीत गेली. त्यांनी उजवं दाबलं, तर ती अजून मघाचं डावंच वळत होती. पुन्हा भिंत. तिसऱ्या धडकेला मागून कुणी तरी ओरडलं, “आवं, बैलगाडी बी याच्या आदी वळती!” मंडप हसला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले.

मुख्याध्यापकांनी माईकवरून विचारलं, “यातलं कळणारं कुणी आहे का?” प्रकाशरावांनी दादांना खूण केली. दादा उठले, खिशातून फडकं काढलं, पडद्याची काच वरपासून खालपर्यंत सावकाश पुसली आणि म्हणाले, “आमचं काम झालं, साहेब.” मग जागेवर येऊन बसले.

प्रकाशराव घामाघूम होऊन त्यांच्यापाशी वाकले. “दाखला देतो. आधी हे नीट कर.”

“आदी दाखला.”

तिथंच लेटरहेडवर चार ओळी खरडल्या गेल्या, सही झाली, शिक्का बसला. दादांनी घडी घालून कागद खिशात ठेवला आणि पाच मिनिटांत वहीतलं सगळं परत आणलं. मग कीबोर्डवर मुख्याध्यापकांना बसवलं. गाडी त्यांच्या बोटागणिक वळली. टाळ्या पडल्या.

परतीच्या एसटीत मी तो कागद मागून घेतला. मला आमचा विजय डोळ्यांनी वाचायचा होता. त्यावर लिहिलं होतं, ‘श्री. गौतम सोनवणे यांनी आमच्या संस्थेत साफसफाईचे काम समाधानकारकरीत्या केले आहे.’ मी कागद त्यांच्यापुढे धरला. प्रत्येक बदलानंतर फेरी मारून बघणारा माणूस, आणि त्या गर्दीत हा एक कागद त्यांनी न वाचता खिशात घातला होता. “बघायचं ऱ्हायलं,” एवढंच ते बोलले आणि शेळगावला उतरून गेले. ती नोकरी अर्थातच मिळाली नाही.

पुढच्या वर्षी दादांनी बारामतीत प्रकाशरावांच्या वर्गासमोरच, रस्त्याच्या पलीकडे, स्वतःचा वर्ग उघडला. दारावर पाटी, ‘चालक: गौतम सोनवणे’, आणि पाटीखाली काचेच्या चौकटीत तो दाखला, सही-शिक्क्यासकट. येणारा प्रत्येक जण तो वाचायचा, हसायचा आणि मान वळवून पलीकडे बघायचा. मी नोकरी सोडून दादांकडे गेले. सगळ्या बॅचेस एकदम ओढून घेऊ असं मी म्हणायचे, पण ते ऐकायचे नाहीत. “एका वक्ताला एकच बॅच, ताई. मग फेरी मारून बघायचं.” तिसऱ्या वर्षी पलीकडची पाटी उतरली. दादांनी पेढे आणले. मी दोन खाल्ले.

गेल्या वर्षी दादा गेले. वर्ग आता मी चालवते. त्यांच्या पुण्यानुमोदनानंतर काही दिवसांनी प्रकाशराव काठी टेकत आले. “माणूस गेला आता,” ते म्हणाले. “तो कागद काढा की. माझी नातवंडं इथून जातात, सही वाचतात.” त्यांनी खिशातून नवा दाखला काढला. मी तो दोनदा, पहिल्या अक्षरापासून शिक्क्यापर्यंत वाचला. ‘उत्कृष्ट शिक्षक’ असं स्पष्ट लिहिलं होतं. शब्द न् शब्द खरा होता, आणि दादा असताना तो त्यांना लिहिता आला नव्हता.

मी खुर्चीवर चढून जुनी चौकट खाली काढली. प्रकाशरावांचा चेहरा उजळला. मी फडकं घेतलं, काच वरपासून खालपर्यंत सावकाश पुसली, चौकट होती तिथंच पुन्हा अडकवली आणि नवा कागद त्यांच्या हातात परत ठेवला.

“आमचं काम झालं, साहेब,” मी म्हणाले.